शंभर सीसीची निवांत सवारी: छंद परवडतो, धंदाही जमतो



या आठवड्याच्या व्हिडिओत छोट्या गाड्यांचा विषय घेतला, पण दहा-बारा मिनिटांत तो काही मावला नाही. उरलेलं इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात दोन स्वप्नं शेजारी शेजारी असतात. एक स्वतःच्या धंद्याचं. दुसरं रविवारी सकाळी गाडी काढून घाटात जायचं. दोन्ही चांगली आहेत, पण दोघांनाही एकाच खिशातून पैसे हवे असतात. परवा एकाने विचारलं, "सर, नोकरी सोडतोय, दीड लाख शिल्लक आहे. त्यातलं काही डाउन पेमेंटला टाकून साडेतीनशे सीसी घेऊ का? नंतर धंद्यात वेळ मिळणार नाही."

हिशोब मांडून बघू. समजा दोन लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, मुदत ३६ महिने. हप्ता येतो सुमारे ६,४५० रुपये. तीन वर्षांत परत जातात जवळपास २ लाख ३२ हजार. पण खरा प्रश्न एकूण रकमेचा नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षात गिऱ्हाइकाचे पैसे अडकतात, माल पडून राहतो, एखादा महिना कोरडा जातो. त्या महिन्यात हप्ता मात्र ५ तारखेला येतोच. दुकानाचं भाडं की गाडीचा हप्ता, हा प्रश्न ज्या घरात उभा राहतो त्या घरात मग बाबांचं "मी सांगत होतो" सुरू होतं. धंदा बंद पडायला कधी कधी तेवढंच पुरतं.

मग रविवार सोडायचा का? अजिबात नाही. गाडी छोटी घ्यायची.

आठ घोड्यांत काय काय होतं

आपल्याकडे शंभर सीसीच्या गाडीकडे 'ऑफिसची गाडी', 'दूधवाल्याची गाडी' म्हणून बघतात. पण जगात सगळ्यात जास्त खपलेली मोटारसायकल कोणती? होंडाची सुपर कब. १९५८ साली जपानमध्ये आलेली ५० सीसीची गाडी, आणि २०१७ पर्यंत या मालिकेतल्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. डिलिव्हरीच्या पोऱ्याला एका हातात जेवणाचं पार्सल धरून दुसऱ्या हाताने चालवता यावी, हा विचार तिच्या रचनेत होता. म्हणजे छोट्या धंदेवाल्यासाठीच बनलेली गाडी. आपल्या महाराष्ट्रात तोच मान लुनाचा. १९७२ पासून नगरच्या कायनेटिकने ती बनवली आणि किती तरी शिक्षकांनी, एजंटांनी, किरकोळ व्यापाऱ्यांनी तिच्यावर संसार ओढले. पुढे १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. ९७.२ सीसी, जेमतेम आठ अश्वशक्ती, वजन एकशे दहा किलोच्या आसपास.

आता हे आकडे रविवारच्या सवारीला लावा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे, अटल सेतूवरही आहे. म्हणजे तुमच्या वाट्याला जुने रस्ते येतात. भोरहून वरंध घाटाकडे जाणारा, साताऱ्याहून कासवरून बामणोलीला उतरणारा, कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणारा. या रस्त्यांवर वळणं, खड्डे, म्हशी आणि एसटी यांच्यामधून ताशी ४०-५० च्या पुढे जाण्यात मजाही नाही आणि शहाणपणही नाही. तिथे वीस अश्वशक्ती वापरायची कुठे? उलट रस्ता चुकला तर शंभर सीसीची गाडी आहे त्या जागी वळवता येते. पंक्चर झाली तर ढकलता येते. कोकणात वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींवर चढवताना तर ही किंमत चांगलीच कळते: शेजारी जड गाडीवाला दोन्ही पाय टेकवून घामाघूम, आणि तुम्ही एका हाताने गाडी स्टँडला लावून खाडी बघताय.

दोनशे किलोमीटरच्या फेरीला पेट्रोल लागतं साडेतीन लिटरच्या आतबाहेर. एवढ्यात छंद सांभाळता आला तर धंद्याच्या भांडवलाला हात लागत नाही.

जुनी घेताना

नवीच हवी असं नाही. वापरलेली स्प्लेंडर, प्लॅटिना, सीटी १००, व्हिक्टर, यांतली कुठलीही चालेल. निकष एकच: तुमच्या तालुक्याच्या गावात तिचा पार्ट मिळतो का? स्प्लेंडरचं क्लच प्लेट किंवा केबल ज्या गावात मिळत नाही ते गाव मी अजून पाहिलेलं नाही.

आरएक्स १०० चा मोह मी समजू शकतो. १९८५ ते १९९६ ती इथे बनली, ९८ सीसीत ११ अश्वशक्ती, आणि तो आवाज! पण आज ती गाडी राहिलेली नाही, दागिना झाली आहे. किंमत शौकिनांनी चढवलेली, अस्सल पार्टच्या नावाखाली नक्कल खपते, आणि चोरीची भीती वेगळी. घरात वडिलांची असेल तर जपा. विकत घेऊन सुरुवात करू नका.

बघायला जाताना सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, "गाडी चालू करून ठेवू नका." थंड इंजिन दोन-तीन किकमध्ये सुरू झालं पाहिजे. सुरू होताना क्षणभर पांढरी वाफ आली तर घाबरू नका, पण गाडी तापल्यावर निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टन-रिंगचा नाहीतर व्हॉल्व्ह सीलचा खर्च समोर उभा आहे. मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला.

त्याहून महत्त्वाचे कागद. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. बोजा चढलेला आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या, आणि इन्शुरन्सही लगेच आपल्या नावावर करून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर गाडी आरटीओत तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं आणि आपल्या राज्यात वर पर्यावरण करही भरावा लागतो. पंधरा हजारात 'स्वस्तात' मिळालेल्या गाडीची ही बेरीज आधी करा, भाव नंतर ठरवा.

चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर बिघडते

या भागावर थोडं थांबू, कारण धंदाही इथूनच निघणार आहे.

रोज ऑफिसला जाणारी गाडी तक्रार करत करत का होईना, चालत राहते. महिन्यातून दोनदा निघणारी गाडी मात्र वेगळ्याच रोगांनी आजारी पडते. पहिला रोग कार्बोरेटरचा. गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली की खालच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट थर मागे राहतो. स्लो जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजतं. मग गाडी चोक ओढला तरच चालते, सिग्नलला बंद पडते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि गंज का सापडतो, ते यातून कळेल. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशरही त्याने कडक होतात, चिरतात.

उपाय फुकट आहे. फेरीहून आल्यावर घराच्या अलीकडे पेट्रोलचा कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. वाटी रिकामी झाली, जेट बुजायचा प्रश्न मिटला. पुढच्या वेळी कॉक उघडून अर्धा मिनिट थांबायचं, मग किक. नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांना हे लागू नाही. त्यांची काळजी म्हणजे बॅटरी आणि ताजं पेट्रोल.

दुसरं इंजिन ऑइल. स्प्लेंडरच्या इंजिनात ऑइल लागतं एक लिटरच्या आत, आणि तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना सांभाळतं. म्हणून डब्यावर 'जेएएसओ एमए' किंवा 'एमए२' असं लिहिलेलं आहे का बघायचं. उरलेलं कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरायला लागतो, गाडी नुसती ओरडते, पळत नाही. आणि किलोमीटर झाले नाहीत म्हणून ऑइल तसंच ठेवू नका. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल वर्षातून एकदा तरी बदला, कारण थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि आतली ओल ऑइलमध्येच राहते.

चेन झाकलेली असते म्हणून विसरली जाते. चेन-कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वरखाली करून बघा. साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फार घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट, बेअरिंग खाते. वंगण म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडा. जळकं ऑइल लावायची पद्धत आपल्याकडे आहे, ती बंद करा. त्यात धातूचा कीस असतो.

टॅपेटचा आवाज हा आणखी एक प्रकार. पुष्कळ मिस्त्री गिऱ्हाइकाला शांत इंजिन आवडतं म्हणून टॅपेट घट्ट करून देतात. गिऱ्हाईक खूश, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. किंचित टिकटिक येणारं इंजिन निरोगी असतं. सेटिंग थंड इंजिनावर, फिलर गेजने. अंदाजाने नाही.

टायरवर नक्षी शिल्लक आहे एवढं पुरत नाही. बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '१८१६' म्हणजे २०१६ चा अठरावा आठवडा. असलं टायर दिसायला नवं असलं तरी रबर लाकडासारखं झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते दगा देतं.

आणि घाट. या गाड्यांना पुढेमागे बहुतेक ड्रम ब्रेक असतात. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून दिसतात. पाच किलोमीटर नुसता ब्रेक दाबला की ड्रम तापतो आणि पकड सुटते. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. टू-स्ट्रोक असेल तर एक जास्तीची काळजी: इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवलं तर आत वंगण कमी पडतं. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. जुने आरएक्सवाले हे न विचारता करतात.

आता धंद्याचं बोलू

वर वाचलेल्या सगळ्या गोष्टी कुणाला हव्या आहेत? ज्याच्या पार्किंगमध्ये वडिलांची सीडी १०० ताडपत्रीखाली उभी आहे, त्याला. वय पन्नाशीच्या आसपास, रोजची कार आहे, गाडी विकवत नाही आणि चालू होत नाही. नेहमीच्या गॅरेजला तो नकोसा असतो, कारण तिथे दिवसाला वीस गाड्यांची सर्व्हिसिंग चालते आणि याच्या गाडीत अर्धा दिवस जातो. इथे जागा रिकामी आहे.

काम साधं आहे: दर दोन महिन्यांनी घरी जायचं, हवा, बॅटरी, कार्बोरेटर, चेन, ब्रेक बघायचे, गाडी दोन किलोमीटर फिरवायची, काय आढळलं ते कार्डावर लिहून द्यायचं. समजा एका भेटीचे ६०० रुपये आणि ४० गाड्या. वर्षाला २४० भेटी, महिन्याला २०, म्हणजे १२,००० रुपये. ऑइल, प्लग, पार्ट वेगळे. मी स्पष्टच सांगतो, एवढ्यावर घर चालत नाही. पण हे नियमित पैसे आहेत, जागेचं भाडं नाही, आणि त्या चाळीस घरांतूनच मोठी कामं निघतात. हत्यारांसाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. सुरुवातीला तेवढंही लागणार नाही: पाना सेट, फिलर गेज, हवेचं मीटर, मल्टिमीटर, पाय-पंप, झालं. दहापेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करा आणि पुढे चला.

बोलण्याची पद्धत मात्र शिकावी लागते. एक नमुना देतो.

"काय रे, नुसती चालूच करायची आहे. सहाशे कशाला?"

"काका, चालू तर आत्ता करून देतो. पण मागचे ब्रेक लायनर संपलेत, हे बघा, खुणेच्या पलीकडे गेलाय बाण. तुम्ही ही गाडी सिंहगडाला नेणार म्हणालात ना?"

"हो, नातवाला घेऊन."

"मग लायनर आज बदलू. जुने तुमच्या हातात देतो."

जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणं, ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त जाहिरात आहे.

दुसरी पायरी गाडी पुन्हा उभी करण्याची, म्हणजे रिस्टोरेशनची. इथे पैसे आहेत, आणि बुडणारे बहुतेक इथेच बुडतात. कारण असं होतं: वीस हजार ॲडव्हान्स येतो, त्यातून दुकानाचं भाडं जातं, लेथवाला दोन महिने लावतो, हेडलाइटची रिम मिळत नाही, मग दुसऱ्या गाडीच्या ॲडव्हान्समधून पहिलीचे पार्ट आणले जातात. सहा गाड्या उघड्या पडल्या की मालक फोन उचलायचा बंद होतो. म्हणून एकावेळी दोनच गाड्या उघडा, पार्टचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि पार्ट हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, कोल्हापुरात उद्यमनगर: काम घ्यायच्या आधी एक दिवस इथे पायी फिरा, कुणाकडे काय मिळतं आणि कोण काय करून देतो याची वही करा. ती वही म्हणजे तुमचं भांडवल. रंग मूळचाच ठेवा. बदलायचा झाला तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

भाड्याने देण्याबद्दल

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. "सर, चार जुन्या स्प्लेंडर घेतो, कासच्या रस्त्याला पर्यटकांना भाड्याने देतो." कल्पना चांगली, पण पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीवर हे करता येत नाही. त्यासाठी केंद्राची १९९७ ची रेंट अ मोटरसायकल योजना आहे. परवाना लागतो, किमान पाच गाड्या लागतात, त्यांची नोंदणी व्यावसायिक असावी लागते. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघितली असतील, ती हीच.

"सगळेच देतात हो" हे उत्तर मला मान्य नाही. खासगी गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी गाडीचा वापर बघते. दावा नाकारला गेला तर समोरच्या जखमी माणसाची भरपाई गाडीमालकाच्या अंगावर येते. तुमच्या चार स्प्लेंडर विकूनही ती रक्कम उभी राहणार नाही. मग घरावर येते. पाच गाड्या, परवाना आणि व्यावसायिक विमा यांचा खर्च झेपत नसेल तर हा धंदा आज तुमचा नाही. त्याऐवजी लोकांना त्यांच्याच गाड्यांवर घेऊन जा: सकाळी सहाला निघायचं, वाटेत मिसळ, दुपारपर्यंत परत, वेग पन्नासच्या आत, सोबत पंक्चरचं सामान घेतलेला एक जाणकार. आदल्या दिवशी प्रत्येक गाडीची तपासणी तुमच्याकडे, तिचे पैसे वेगळे. देखभालीची गिऱ्हाइकं या फेऱ्यांतून आपोआप जमतात.

ज्याने साडेतीनशे सीसीबद्दल विचारलं होतं, त्याला मी सध्या एवढंच काम दिलंय: आपल्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत ताडपत्रीखाली किती गाड्या उभ्या आहेत ते मोजून ये, मालकाचं नाव, गाडीचं मॉडेल आणि शेवटची कधी चालू झाली हे वहीत लिही. तुमच्यापैकी ज्यांना हा धंदा करायचाय त्यांनीही या रविवारी हेच करा. पुढच्या व्हिडिओत जॉब कार्डाचा नमुना देणार आहे: गाडी ताब्यात घेताना किलोमीटर, पेट्रोल, ओरखडे आणि इन्शुरन्सची तारीख कशी लिहून घ्यायची, सही कुठे घ्यायची, हे सगळं त्यात असेल. तोपर्यंत कॉक बंद करायला विसरू नका.